रोजच्या जेवणाला कोणती इटालियन व्हाइट घेऊ, ताई?

"ताई, नमस्कार. आम्ही दोघं गेल्या वर्षी पुण्याहून पादोव्याला आलो, ह्यांची नोकरी इथे आणि माझा इटालियनचा क्लास चालू आहे. इथे जेवताना सगळे ग्लासभर वाइन घेतात, आम्हालाही आवडायला लागलीये, पण सुपरमार्केटात त्या शेल्फसमोर उभी राहिले की डोकंच चालत नाही, अडीच युरोपासून तीस युरोपर्यंत नुसत्या बाटल्याच बाटल्या. आधी तीन युरोची पिनो ग्रिजो आणली ती पाण्यासारखी लागली. मग म्हटलं जरा महाग घेऊन बघू, १४ युरोची व्हेर्दिक्यो आणली, रविवारी मिसळीबरोबर उघडली तर आंबटढाण आणि शेवटी कडू! ह्यांनी अर्धी सिंकमध्ये ओतली, त्यावरून आमचं भांडण झालं. नाशिकची शेनिन ब्लाँ आम्हाला छान लागायची. महिन्याला ४० युरोच्या वर यात घालवायचे नाहीत असं ठरलंय. आणि दिवाळीत सासू-सासरे येतायत, सासऱ्यांना चालते, सासूबाईंना अजिबात नाही. काय करू? — गोंधळलेली, पादोवा"

अगं, पहिलं सांगते, ती १४ युरोची बाटली खराब नव्हती. तुझं पत्र वाचताना मला त्या सिंकचंच वाईट वाटलं. व्हेर्दिक्यो हे द्राक्ष मार्के प्रांतातलं, एड्रियाटिक समुद्राच्या बाजूला येझी नावाचं गाव आहे त्याच्या आसपासच्या टेकड्यांवरचं, आणि त्याची ओळखच मुळी ही आहे की घोट गिळल्यावर शेवटी कडू बदामाची एक हलकी चव राहते. इटालियन माणूस ती चव शोधत असतो. तुला ती नको तितकी लागली कारण समोर मिसळ होती. तर्रीचा तिखटपणा जिभेवर असताना वरून अल्कोहोल गेलं की आग वाढते, आंबटपणा टोचायला लागतो आणि कडवटपणा दुप्पट वाटतो, त्यात १४ युरोच्या भावात बहुतेक सुपेरियोरे नाहीतर रिझेर्व्हा मिळते, म्हणजे तेरा-साडेतेरा टक्क्यांची, अंगाने जड. त्याच बाटलीबरोबर मीठ-लिंबू लावून तव्यावर परतलेला मासा असता ना, तर तुमचं भांडण झालंच नसतं. मिसळीबरोबर ताक प्या गं, त्याला तोड नाही, आणि हे मी वाइनच्या दुकानात सहा वर्षं उभी राहिलेली बाई म्हणून सांगतेय.

दुसरं ते नाशिकच्या शेनिनचं. आपल्याकडे जी शेनिन ब्लाँ जास्त खपते ती पुष्कळदा थोडी गोडसर ठेवलेली असते, आणि ते बरोबरच आहे, आपल्या जेवणातल्या तिखटाला तो गोडवा सांभाळून घेतो. इथली रोजची व्हाइट मात्र जवळजवळ सगळी सेक्को, म्हणजे गोडवा न उरलेली, आणि ती नुसती प्यायला केलेलीच नसते. सोफ्यावर बसून टीव्ही बघत प्यायलीस तर आंबटच लागणार, जसं कैरीचं लोणचं कोणी वाटीत घेऊन चमच्याने खात नाही तसं. ती जेवणाच्या ताटातली एक गोष्ट आहे. मला स्वतःला हे कळायला दोन वर्षं लागली, व्हेरोनाला नवीन असताना मीही ग्लास घेऊन बाल्कनीत बसायचे आणि विचार करायचे की या लोकांना यात एवढं काय सापडतं, मग एकदा शेजारच्या आजींनी जेवायला बोलावलं, ताटात साधा भात होता, वाटाणे आणि चीज घातलेला, बरोबर बिनलेबलच्या बाटलीतली व्हाइट, आणि तिसऱ्या घासाला माझ्या लक्षात आलं की घास आणि घोट एकमेकांना पुढे ढकलतायत, एक संपला की दुसरा हवासा वाटतोय. तेव्हापासून मी ग्लास ताटाशिवाय भरत नाही.

आता पैशाचं बघू, कारण तुझ्या ४० युरोत फार छान पिता येतं. ७५० मिलीच्या बाटलीत सव्वाशे मिलीचे सहा ग्लास बसतात. तुम्ही दोघं, एकेक ग्लास, म्हणजे बाटली तीन रात्री पुरते, आणि उघडलेली व्हाइट बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन दिवस बरी राहते, म्हणजे हिशोब आपोआप जुळतो. आठवड्याला एक बाटली, तीन रात्री वाइन आणि चार रात्री नाही. रोज घ्यायची सवय लावून घेऊ नका असं मी मोठी बहीण म्हणून सांगणारच आहे, शरीराला सुट्टी लागते, इथलेसुद्धा आताशा पूर्वीइतकं पीत नाहीत. पण खिशाचा हिशोबही तेच सांगतो बघ, महिन्याला चार-पाच बाटल्या, ४० भागिले साडेचार, बाटलीमागे नऊ युरोपर्यंत आलीस की तू. तीन युरोची रोज पिण्यापेक्षा नऊची आठवड्यातले तीनच दिवस कधीही चांगली. आणि खरं तर नऊही लागत नाहीत, सहा ते आठमध्ये या देशात उत्तम व्हाइट मिळते, उरलेल्या पैशांत एखाद्या महिन्यात एक चांगली घे.

सहा ते आठच का, तर याचं कारण समजून घे म्हणजे शेल्फसमोर डोकं चालेल. इटलीत साध्या वाइनवर उत्पादन शुल्क शून्य आहे, फक्त २२ टक्के व्हॅट. (आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क होतं, त्यावर राज्याचं वेगळं, म्हणून पुण्यात जी बाटली बघून आपण दबकतो ती इथे भाजीच्या पिशवीत असते, तो पुण्याचा भाव डोक्यातून काढून टाक.) तर तीन युरोच्या बाटलीतले ५४ सेंट सरकारचे, मग काच, बूच, लेबल, खोका, ट्रकभाडं, दुकानदाराचा हिस्सा. हे सगळं वजा जाता आत ओतलेल्या रसाच्या वाट्याला किती उरत असेल तूच सांग. सहा युरोच्या बाटलीला व्हॅट आणि दुकानदाराचा हिस्सा वाढतो, पण काच तीच, बूच तेच, खोकाही तोच, म्हणजे वरचे जे पैसे दिलेस त्यातला मोठा भाग द्राक्षाकडे जातो. तीनवरून सहावर उडी मारलीस की चवीत जेवढा फरक पडतो तेवढा बारावरून चोवीसवर गेलीस तरी पडत नाही. बारा-पंधराच्या पुढे तू बरंचसं नावाला देतेस, गाजलेल्या टेकडीला, गाजलेल्या घराण्याला. ते वाईट नाही, पण मंगळवारच्या वरणभाताला नको.

आणि नावाचं म्हणशील तर पिनो ग्रिजो. हे द्राक्ष मूळचं वाईट नाही, सालीला करडा-गुलाबी रंग असतो, १९६१ मध्ये सांता मार्गेरिता या कंपनीने त्याची साल लवकर बाजूला काढून पांढरीशुभ्र वाइन काढली आणि पुढे अमेरिकेने ती डोक्यावर घेतली. मग काय, मागणी एवढी की उत्तर-पूर्वेच्या सपाट जमिनीवर जिकडेतिकडे तेच लावलं गेलं, आता व्हेनेतो, फ्रिउली आणि त्रेंतो मिळून त्याची एकच मोठी डीओसी, म्हणजे ठरलेल्या प्रदेशाच्या वाइनचा नियमांनी बांधलेला शिक्का, आहे, २०१७ पासून. सपाट, पाणी भरपूर, वेलीवर लोंबतील तितके घड. अशा द्राक्षाला चव कुठून यायची, तुला पाणी लागलं ते बरोबरच लागलं. आल्तो आदिजेच्या डोंगरातली पिनो ग्रिजो पी कधी, तू म्हणशील हे द्राक्षच वेगळं, पण तिथे दहाच्या खाली फारसं काही हाताला लागत नाही.

म्हणून माझा सल्ला एवढाच की जगात गाजलेलं नाव सोड आणि तू जिथे राहतेस तिथल्या टेकडीवरचं द्राक्ष धर. तुझ्यासाठी ते आहे गार्गानेगा, आणि त्याची वाइन सोआवे.

सोआवे गाव व्हेरोनाच्या पूर्वेला, तुझ्यापासून गाडीने पाऊणएक तास. गावाला किल्ला आहे, त्याची तटबंदी टेकडी उतरत खाली येते आणि तटाच्या बाहेर लगेच द्राक्षबागा सुरू होतात. मी तासगावची, माझ्या वडिलांची द्राक्षबाग होती, आणि पहिल्यांदा त्या टेकड्यांवर गेले तेव्हा माझे पाय तिथेच थांबले, कारण वर मांडव होता! आपल्याकडे नाशिक-सांगलीला जसा वेल मांडवावर चढवतात, घड खाली लोंबतात आणि पानांची सावली वर, तसाच. इथे त्याला पेर्गोला व्हेरोनेझे म्हणतात. फ्रान्सकडून शिकलेले लोक मांडवाला जुनाट म्हणून नावं ठेवायचे, नव्या बागा सगळ्या तारेवर केल्या, आणि आता उन्हाळे तापायला लागलेत तसे तेच लोक परत मांडवाकडे बघतायत कारण गार्गानेगाच्या घडाला ती सावली लागते. माझे वडील हे न शिकता सांगायचे, ऊन पानाला द्या, घडाला नको. २०१८ मध्ये सोआवेच्या या पारंपरिक बागांना संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने जागतिक कृषी वारसा म्हणून यादीत घेतलं, ती बातमी वाचून मी वडिलांना फोन केला होता.

टेकडीची माती काळी, ज्वालामुखीची, आपल्या बेसाल्टसारखीच, पश्चिमेकडे गेलं की चुनखडी लागते. वाइनला वास मोठा नसतो, हे आधीच सांगते म्हणजे निराश व्हायला नको, पहिल्या घोटाला तुला वाटेल काहीच नाही. जरा थांब. पांढरी फुलं, पिकायला आलेलं पेअर, आणि शेवटी तोच कडू बदाम, पण व्हेर्दिक्योपेक्षा मवाळ. बारा-साडेबारा टक्के, म्हणजे जड होत नाही. जेवण वाढेल तशी ती वाढते.

आता सोआवेत फसायचीही जागा आहे. १९६८ मध्ये डीओसी झाली, साठ-सत्तरच्या दशकात ही वाइन अमेरिकेत तुफान चालली, आणि जे पिनो ग्रिजोचं नंतर झालं ते सोआवेचं आधी होऊन गेलं, बागा टेकडीवरून उतरून खाली सपाटीवर पसरल्या आणि त्यांनाही सोआवेच म्हणायची परवानगी मिळाली. नाव स्वस्त झालं. काही घराणी मात्र टेकडीवरच अडून बसली, पिएरोपान हे त्यातलं मोठं नाव, त्यांनी १९७१ मध्ये काल्व्हारिनो या एकाच बागेचं नाव लेबलवर छापलं, तेव्हा लोक सोआवे म्हणजे मोठ्या बाटलीतली स्वस्त वाइन समजत होते. म्हणून तू लेबलवर एकच शब्द बघ, क्लासिको. सोआवे क्लासिको म्हणजे जुन्या मूळ टेकड्यांवरची, सोआवे आणि मोंतेफोर्ते या दोन गावांची. साधी सोआवे साडेतीन-चार युरोला असेल आणि क्लासिको साडेसहाला, ते अडीच युरो डोळे मिटून दे. वर सुपेरियोरे लिहिलेली दिसेल तर रोजसाठी सोडून दे, ती जड असते.

आणि एक आतली गोष्ट सांगते जी मी दुकानात आवडत्या गिऱ्हाइकांनाच सांगायचे. सोआवेच्या टेकड्या पूर्वेला विचेंझा जिल्ह्यात शिरतात, तिथे गाम्बेल्लारा नावाचं गाव आहे. तेच द्राक्ष, तीच काळी माती, फक्त हद्द बदलली म्हणून नाव बदललं आणि ते नाव बाहेर कोणाला माहीत नाही म्हणून भाव एक-दोन युरो कमी. तू तर विचेंझाच्या शेजारीच राहतेस, तुझ्या सुपरमार्केटात ती नक्की असेल, बहुतेक खालच्या फळीवर. वाकून बघ. तसंच गार्दा सरोवराच्या बाजूची कुस्तोझा, गार्गानेगात अजून दोन-तीन द्राक्षं मिसळून केलेली, हलकी, पाच-सहा युरोची, उन्हाळ्यात मी तीच आणते. तिच्या शेजारची लुगानाही चांगली आहे पण सरोवरावर जर्मन पर्यटक एवढे येतात की भाव चढून बसलेत, नऊ-दहाच्या खाली मिळाली तर घे, नाहीतर राहू दे.

लेबलवर अजून दोन गोष्टी बघायच्या. एक अन्नाता, म्हणजे कापणीचं वर्ष. रोजची व्हाइट ताजी प्यायची असते, मागच्या किंवा फार तर त्याच्या मागच्या सप्टेंबरची. चार वर्षं जुनी चार युरोची बाटली "ऑफर"मध्ये दिसली तर ती जुनी झाली म्हणून ऑफरमध्ये आहे, मुरली म्हणून नाही. दुसरं, मागच्या बाजूला बारीक अक्षरात इंबोत्तिल्यातो आल्लोरीजिने असं लिहिलंय का बघ, म्हणजे ज्याने वाइन केली त्यानेच भरली, टँकर मागवून तिसऱ्याने भरली नाही. सहकारी कांतीनाचीही, म्हणजे वाइनच्या कारखान्याचीही, चालेल हं, उलट इथल्या सहकारी संस्था फार जुन्या आणि चांगल्या, आपल्या साखर कारखान्यांसारखे सभासद शेतकरी माल घालतात, सोआवेची तर १८९८ पासून आहे, आणि स्वस्तात नीट वाइन हवी तर मी डोळे झाकून सहकारीकडे जाते. डीओसी हा शिक्का गावाचा आणि नियमांचा आहे, चवीचा नाही, त्यामुळे नुसता तो बघून घेऊ नकोस. स्क्रूचं झाकण असेल तर हलक्या प्रतीची समजू नकोस, व्हाइटला ते उत्तम. आणि पांढऱ्या पारदर्शक काचेची बाटली शेल्फवर ट्यूबलाइटखाली पुढे उभी असेल तर मागची उचल, उजेडाने व्हाइट खरंच बिघडते, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी, शिजलेल्या कोबीसारखी लागते.

सोआवे-गाम्बेल्लारा दोन महिने पिऊन झाली, जीभ बसली, की मग बाहेर पड. व्हेर्दिक्योला परत संधी दे, पण या वेळी कास्तेल्ली दी येझी क्लासिको, सात युरोची साधी, माझ्या मते पैसा आणि चव यांचा एवढा चांगला मेळ इटलीत दुसऱ्या व्हाइटमध्ये नाही. अब्रुत्सोची पेकोरिनो बघ, चीजचं नाव आणि हिचं नाव एकच पण चीजशी संबंध नाही, दोन्ही मेंढीवरून आलेत, हे द्राक्ष जवळपास संपलं होतं आणि १९८० च्या दशकात शोधून पुन्हा लावलं, अंगाने भरलेली असते. नेपल्सच्या बाजूची फालांगिना. सार्दिनियाची व्हेर्मेंतिनो, जिला समुद्राचा खारटपणा आणि हिरव्या पाल्याचा वास असतो, ती तुला कोथिंबीर-पुदिना असलेल्या कुठल्याही पदार्थाला चालेल. सिसिलीची ग्रिल्लो, नाशिकची सवय असलेल्या जिभेला ही सगळ्यात लवकर आवडेल, कारण उन्हातलं द्राक्ष, फळाची चव जास्त, आंबट कमी, ह्यांच्यासाठी हीच आण आधी म्हणजे घरात शांतता. सगळ्या सहा ते नऊमध्ये. गावी (हे वाइनचंच नाव) आणि फियानो चांगल्या पण महाग, वाढदिवसाला.

आपल्या जेवणाचं मी स्वतः करून बघितलेलं सांगते. पिठलं आणि सोआवे, हे तू करूनच बघ, बेसनाचा खमंगपणा आणि तो बदाम एकमेकांना ओळखतात, फक्त ठेचा बाजूला ठेव. वरणभात, वर तूप आणि लिंबू, त्यालाही सोआवे. कांदाभजी, साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, म्हणजे तळलेलं काहीही असेल तर बुडबुडेवाली हवी, आणि ती तुझ्या अगदी दारात आहे, पादोव्याबाहेरच्या एउगानेई टेकड्यांवरची सेर्प्रिनो, प्रोसेक्कोचंच द्राक्ष पण स्थानिक नावाने, हलके बुडबुडे, पाच-सहा युरो. तेल जिभेवरून धुऊन काढते. बांगड्यासारखा मासा इथे स्गोम्ब्रो म्हणून मिळतो, रवा लावून तळलास तर व्हेर्मेंतिनो, तिखट निम्मं कर फक्त. आळूची भाजी, चिंच-गुळाची आमटी, गोडा मसाला, यांना सेक्को व्हाइट जमत नाही, मी खूप प्रयत्न केले, गुळाने वाइन लिंबाच्या पाण्यासारखी होते. आणि तांबडा रस्सा केलास तर त्या दिवशी बाटली उघडूच नकोस.

गार किती करायची तेही यातच आलं. फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतलीस तर वास मेलेला आणि आंबट तेवढं पुढे. पंधरा मिनिटं आधी बाहेर काढून ठेव, पोळ्या लाटायला घेतल्यास की काढ, जेवायला बसेपर्यंत बरोबर दहा डिग्रीच्या आसपास येते. बर्फ नको.

अजून स्वस्त हवं असेल तर एक शनिवार काढा. पादोव्याहून व्हेरोनाकडे जाणारी साधी रेल्वे घ्या, सान बोनिफाचोला उतरा, तिथून सोआवे तीन-चार किलोमीटर, चालतही जाता येतं. किल्ला बघा, टेकडीवर मांडवाखालून फिरून या, आणि येताना एखाद्या कांतीनातून व्हिनो स्फुझो घ्या, म्हणजे सुटी वाइन, पेट्रोल पंपासारख्या नळीने आपल्या कॅनमध्ये भरून देतात, साधारण दोन युरो लिटर. इथले आजोबा लोक आयुष्यभर हेच पीत आले. मात्र घरी आल्या आल्या धुतलेल्या बाटल्यांत काठोकाठ भरून घट्ट झाकण लाव, अर्धा रिकामा कॅन आठवडाभर कट्ट्यावर ठेवलास तर व्हिनेगर होईल, माझा पहिला पाच लिटरचा कॅन असाच गेला आणि मी पुढचे दोन महिने त्याचं लोणचं घालत बसले होते. तुमच्या दोघांच्या पिण्याला पाच लिटर खूप होतात, दोन लिटर आणा.

राहता राहिले सासू-सासरे. सासऱ्यांना बहुतेक व्हिस्कीची सवय असेल, त्यांना पहिल्याच दिवशी सोआवे दिलीस तर ते चांगुलपणाने ग्लास संपवतील आणि मनात म्हणतील हे काय. त्यांना भज्यांबरोबर सेर्प्रिनो दे, आणि रविवारी त्या किल्ल्यावर घेऊन जा. दिवाळीत येतायत तर फारच छान, कारण कापणी नुकतीच झालेली असते आणि निवडक गार्गानेगाचे घड माळ्यावर सुकायला टांगलेले नाहीतर जाळ्यांवर पसरलेले असतात, काही महिने सुकवून मग रस काढतात, त्याची रेचोतो दी सोआवे होते, मधासारखी गोड. आमच्याकडे तासगावला बेदाण्याच्या शेडमध्ये अशाच जाळ्या, एकावर एक, मी लहानपणी त्याखालून पळायचे. विचारलंस तर बहुतेक ठिकाणी माळा दाखवतात. रेचोतो अर्ध्या लिटरची बाटली वीस-पंचवीस युरोला पडते, रोजची नाही, पण त्या महिन्याचं वाइनचं बजेट यात घाल, करंज्या आणि शंकरपाळ्यांबरोबर सासऱ्यांना एवढुसा ग्लास दे, ते विसरणार नाहीत.

सासूबाईंच्या बाबतीत, ह्यांना सांग की आईला आधीच फोनवर बोलून ठेव, आम्ही जेवताना थोडी घेतो, तुला चालेल ना. हे तू सांगायचं नाही, मुलाने सांगायचं. त्यांना नकोच असेल तर त्या असेपर्यंत ताटावर बाटली ठेवू नका, पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे, आणि "घेऊन तर बघा" असा आग्रह कोणालाही करू देऊ नकोस. त्यांच्यासाठी चेद्राता आणून ठेव, महाळुंगाचं सरबत असतं ते, पिवळंधमक, बुडबुडेवालं, थंडगार, काचेच्या छोट्या बाटलीत मिळतं. आमच्या आईला ते इतकं आवडलं होतं की जाताना चार बाटल्या कपड्यांत गुंडाळून घेऊन गेली.